नाव घेऊन आभार

हातपंप एकाएकी मरत नाही. आधी त्याचा दांडा हलका लागतो. मग चार वेळा दाबून येणारं पाणी दहा वेळा दाबून यायला लागतं. मग एक दिवस बाई दांडा मारमारून थकते आणि तोटीतून नुसता उसासा निघतो. दांडा हलका लागला त्याच दिवशी कोणी आम्हाला कळवलं, तर आम्हाला तयारीला वेळ मिळतो. पण तसं कोणी कळवत नाही. पूर्ण बंद पडल्यावर फोन येतो आणि फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "महिनाभरापासून सांगून राहिलो, कोणी ऐकूनच नाही राहिलं."

भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्यात मी बावीस वर्षं हातपंप दुरुस्ती पथकात मेकॅनिक होतो. गावात पंपाला सगळे बोरिंग म्हणतात आणि मला मिस्त्री. आता घरोघरी नळ आले आहेत, पण नळाला पाणी नसलं की लोक पुन्हा बोरिंगवरच येतात, त्यामुळे आमचं काम काही संपलेलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पंप म्हणजे वर दिसतं ते. ते नुसतं तोंड आहे. खरा पंप जमिनीत शंभर फूट खाली असतो. पितळेचं एक नळकांडं, त्यात वर-खाली होणारा दट्ट्या आणि दट्ट्याला वॉशर. वॉशर झिजला की पाणी चढत नाही. तळहातात मावेल एवढी ती चकती बदलायची, तर शंभर फूट लोखंडी पाईप एकेक करून उपसावा लागतो. दहा-दहा फुटांचे दहा पाईप एकमेकांत आटे बसवून लोंबकळत असतात. त्यांचा आणि आतल्या सळ्यांचा मिळून दीड क्विंटलच्या आसपास भार होतो. सगळं लटांबर तिपाईवरच्या साखळीनं वर ओढायचं, एक पाईप पूर्ण बाहेर आला की खालच्या पाईपाला क्लॅम्पनं पकडायचं आणि वरचा पाईप पाना लावून खोलायचा. खालचे नऊ पाईप तेवढा वेळ फक्त त्या क्लॅम्पवर असतात.

म्हणून आमच्यात एक रीत आहे. क्लॅम्पवरच्या माणसानं खटका बसवायचा, हातानं चाचपायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "धरलं." तो शब्द आल्याशिवाय पानावाल्यानं पाना फिरवायचा नाही. बाकी आम्ही काहीही बोलतो, शिव्या देतो, गाणी म्हणतो. पण "धरलं" हा शब्द आम्ही गमतीतही वापरत नाही.

लोकांच्या तक्रारी ऐकणं हा या कामाचा अर्धा भाग. आसगावला एक शेतकरी होते, बंडूजी. धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी येऊन ते आमच्या जीपसमोर उभे राहायचे. "उगवले काय मिस्त्री! आमाले वाटलं, तुमी रिटायर झाले." पंप सुरू झाला की पहिला पेला तेच प्यायचे आणि म्हणायचे, "पाण्याची चव बदलवून टाकली न तुमी. पह्यलं गोड होतं." मी म्हणायचो, "बंडूजी, वॉशर बदलला, जमीन नाही बदलली." ते म्हणायचे, "मंग जमीनच पाहा न एकदा उघडून."

आणखी एका गावात एक गुरुजी होते. ते रोज सकाळी प्रार्थनेच्या घंटेआधी आमच्या कार्यालयात फोन करायचे. पंप चालू असला तरी करायचे. एकदा मी विचारलं, "गुरुजी, आज काय झालं?" ते म्हणाले, "आज काई नाही झालं. पण तुमची सवय तुटली नाही पाह्यजे."

अशा लोकांना मी घरी येऊन नावं ठेवायचो. आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत एका रविवारी, वाळवंटात पाण्यासाठी मोशेविरुद्ध कुरकुर करणाऱ्या लोकांवर प्रवचन झालं. मी पहिल्या बाकावर बसून मान डोलवत होतो. मला वाटलं, यातला मोशे मीच. खडकातून पाणी काढून देतो आणि वर बोलणी खातो. बायको सुनंदा बाजूला बसली होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही मोशे नाही. तुम्ही कुरकुर करणाऱ्यांतले. तुमचा आवाज मी रोज ऐकते." मी रागावलो. तिचं खरं होतं.

माझ्याजवळ तक्रारींचा मोठा साठा होता. मागून आलेल्याची बदली भंडाऱ्याला झाली आणि मी इथंच. जीपला धड ताडपत्री नाही. साहेबाला आमचं नाव माहीत नाही. बुधवारच्या घरप्रार्थनेत प्रत्येकानं आपली प्रार्थना-विनंती सांगायची पद्धत आहे. तिथंही मी हेच सांगायचो, फक्त डोळे मिटून. "प्रभू, माझ्या साहेबाचं मन बदल" असं म्हटलं की ती चुगली राहत नाही, प्रार्थना होते, अशी माझी समजूत होती.

आता मुख्य गोष्ट. दोन नाताळ गेले, तरी ती लिहायची मी टाळत आलो.

त्या दिवशी पथकात चार जण हवे होते, आम्ही तिघं होतो. मी, ड्रायव्हर आणि विलास. विलास माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, ठेकेदाराकडचा मदतनीस. त्याचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. घर पुनर्वसनात मिळालेल्या वस्तीत. अंगानं मजबूत, बोलायला कमी. चौथा मदतनीस लक्ष्मण रजेवर होता. ड्रायव्हर तंबाखूचा खर्रा घोटून आणतो म्हणून चौकाकडे गेला आणि तिथंच रमला. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या गावाचा यात काही दोष नाही.

चार पाईप निघाले होते, पाचवा खोलायचा होता. मी क्लॅम्पवर, विलास पान्यावर. मी लक्ष्मणच्या रजेबद्दल बोलत होतो. आमच्या मंडळीच्या हंगामाच्या सणाला, पहिलं पीक अर्पण करतात त्या रविवारी, मला सुटी मिळाली नव्हती आणि लक्ष्मणला सहज मिळाली होती.

"त्याले काहून भेटते? सांग न. वीस वर्षं झाले मले. मी काय लाकूड होय?"

विलास म्हणाला, "मिस्त्री, लक्ष द्या."

"लक्षच देऊन राहिलो," मी म्हणालो, आणि त्याच दमात म्हणालो, "धरलं."

खटका बसला नव्हता. मी चाचपला नव्हता. डावा हात क्लॅम्पवर होता, पण मन लक्ष्मणच्या रजेत होतं.

विलासनं पाना फिरवला, आटे सुटले आणि खालचा भार सरकला. पाईपाच्या जोडावरचं जाड सॉकेट क्लॅम्पच्या पट्टीवर येऊन बसलं. मध्ये माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट होतं.

मला आवाज आठवत नाही. विलास मात्र आठवतो. त्यानं पाना खालच्या पाईपाला आडवा मारला आणि त्याखाली स्वतःचा खांदा घातला. तेवढा भार एका माणसाला उचलता येत नाही. त्यानं तो उचलला असंही नाही. दोन बोटांच्या जाडीएवढी फट पडेल इतकाच सरकवला. "काढा!" तो ओरडला. मी हात काढला. मग त्याचा खांदा सुटला आणि पाच पाईप, सळ्या, नळकांडं सगळं बोरमध्ये गेलं.

गळ्यातला दुपट्टा फाडून त्यानं माझा हात बांधला. ड्रायव्हरला चौकातून ओढून आणलं. दवाखान्यापर्यंत जीपमध्ये तो माझा हात उंच धरून बसला होता, खाली येऊ देत नव्हता. दोन्ही बोटं अर्धी गेली. बाकीचा हात राहिला.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला. पलंगाजवळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मिस्त्री, तुमी धरलं म्हटलं होतं."

मी डोळे मिटून झोपल्यासारखा पडून राहिलो. तो निघून गेला.

नंतर माझा जबाब झाला. मी सांगितलं की मदतनीसानं शब्द येण्याआधीच पाना फिरवला. पंपाभोवती दहा-पंधरा गावकरी उभे होते, पण "धरलं" म्हणजे काय हे त्यांना कुठं माहीत! त्यांच्या कानावर तो शब्द पडलाही असेल आणि वाहूनही गेला असेल. कायम नोकरीतला मी, हात बांधलेला मी. माझ्या शब्दापुढं रोजीवरच्या माणसाचा शब्द टिकणार नव्हता. ठेकेदारानं विलासला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या तक्रारीला पूर आला होता. आता तिला पुरावाच मिळाला होता. हात दाखवला की समोरचा गप्प. साकोलीला बसस्टँडवर अनोळखी माणसालाही मी हात दाखवून गोष्ट सांगितलेली आहे. गोष्टीत विलास दर वेळी जास्त निष्काळजी व्हायचा. घरप्रार्थनेत तर मी एकदा म्हटलं, "प्रभू, ज्यानं माझा हात मोडला त्याला क्षमा कर." सगळे आमेन म्हणाले. मंडळीतल्या एका बहिणीला रडू आलं. हे वाक्य मी आज लिहितो तेव्हा अंगावर काटा येतो, पण लिहिणं भाग आहे.

आमच्या मंडळीत मालनमावशी आहेत. वॉर्डात जन्म घालवलेल्या निवृत्त परिचारिका, उंचीनं लहान आणि आवाजानं मोठ्या. लेंतचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, चाळीस दिवस सुरू होणार होते. बुधवारची सभा आमच्याच घरी होती. विनंत्यांची यादी वाचून संपेना. गुडघे, जावई, बदली, नळ, शेजारी. मावशींनी चष्मा काढला.

"पाळकसाहेब, मी एक सांगू? आपण दर बुधवारी देवापुढं अर्ज टाकतो. मिळाल्याची पोच आपण कोणी देत नाही. हे चाळीस दिवस काई मागायचं नाही. फक्त आभार."

मंडळीचे पाळक हसले. "चांगलं आहे मावशी."

"थांबा न, झालं नाही माझं. मोघम आभार नाही चालणार. ‘सर्व आशीर्वादांसाठी’ असं म्हणाल तर मी मधात टोकीन. कोणी, काय केलं, नाव घेऊन सांगायचं. देव कोणाच्या तरी हातानंच देते."

पुढच्या बुधवारी मजाच झाली. आमच्यातले एक निवृत्त कारकून, जोसेफभाऊ, उठले आणि म्हणाले, "नळ सोडणाऱ्या शंकरचे आभार, कारण पाणी आलं. जरी अर्धाच तास आलं, आणि तेही गढूळ..."

"ते तक्रार झालं. बसा," मावशी म्हणाल्या.

"अहो, पण आलं तर होतं न!"

"मंग ‘आलं’वरच थांबा."

सगळे हसले. मीही हसलो. मग माझी पाळी आली. मी तयारीच करून बसलो होतो. "प्रभूनं माझा हात वाचवला, म्हणून त्याचे आभार," मी म्हणालो.

"आमेन," मावशी म्हणाल्या. "कोणाच्या हातून?"

"डॉक्टरांच्या."

"डॉक्टरापर्यंत पोचेस्तोवर रक्त कोणी थांबवलं? अशा जखमेत तेच मोठं काम असते. कोणी बांधला हात?"

त्यांच्या मनात काहीच नव्हतं. परिचारिकेची सवय, दुसरं काय. पण मी डावा हात खिशात घातला.

"गावातल्यांनी," मी म्हणालो.

"त्याचं नाव?"

"आठवत नाही."

"मंग आठवून ये पुढच्या बुधवारी. बांधणारा हुशार होता."

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. कामावर असताना, जेवताना, सकाळी दाढी करताना मी त्या दिवसाचे आभार मोजायला लागलो. भार सरकवला म्हणून आभार. कोणाचे? विलासचे. हात बांधला. विलासनं. ड्रायव्हरला शोधून आणलं. विलासनं. वाटभर हात उंच धरला. विलासनं. दवाखान्यात कागदावर सही करायला कोणी नव्हतं तेव्हा उभा राहिला, तोही विलास. माझा जबाब ऐकल्यावर त्यानं मला शिवी दिली नाही, कोणाकडे माझं वाईट बोलला नाही, याचेही आभार मानायचे तर त्याचेच. दुसरं नाव सापडेना. तक्रार करायला मला दोन वर्षं खोटं पुरलं होतं. आभार मानायला बसलो तर एकही आभार खोट्यावर उभा राहीना. तक्रार मोघम असली तरी चालते, उलट मोघम असली की जास्त चालते. आभाराला मात्र खरा तपशील लागतो. मावशींनी मला काही शिकवायचं म्हणून तो नियम केला नव्हता, पण माझ्यापुरता तो सापळा झाला.

शनिवारी मी सुनंदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तो माणूस दोन वर्षं घरी बसला?"

"हो."

"आणि मी त्याच्यासाठी प्रार्थना केली, की देवा, याला सुबुद्धी दे." ती उठून आत गेली. त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही.

बुधवारी मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. खटका न बसवता "धरलं" म्हटल्यापासून जबाबापर्यंत. जोसेफभाऊ पुटपुटले, "आता मिटलं आहे ते, कायले उकरता?" पण पाळक उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, क्षमेची प्रार्थना केली. लोकांनी मला मिठ्या मारल्या. ज्या बहिणीला मागं रडू आलं होतं, तिला पुन्हा आलं. चहा झाला. मी पिसासारखा हलका होऊन झोपलो.

सकाळी मावशींचा फोन. "शमुवेल, झोप लागली?"

"लागली मावशी. खूप दिवसांनी."

"लागणारच. काल मंडळीनं तुले माफ केलं. मंडळीचं का नुकसान झालं होतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्याच्याकडं जाजो. आणि जाशील तर रडत नको जाऊ. तुले समजावत बसायचं काम त्याले नको देऊ."

रविवारी उपासनेनंतर मी त्या वस्तीत गेलो. विलास धरणावर भेटला. काम सुटल्यापासून तो दुसऱ्याच्या डोंग्यावर मासेमारीला जात होता. काठावर जाळं वाळत घालत होता. मला पाहून त्यानं जाळं सोडलं नाही.

"या मिस्त्री. कसे का आले?"

मी सांगितलं. रडलो नाही. त्यानं मधे एकदाही टोकलं नाही. जाळ्यातला कचरा काढत राहिला.

"मले माहीतच होतं न ते," शेवटी तो म्हणाला. "मले नवीन काय सांगून राहिले तुमी?"

"माफी मागायला आलो."

"मागा. मागितली. आता?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मिस्त्री, तुमचा देव माफ करत असन. चांगली गोष्ट आहे. माझं नाव खराब झालं ते कागदावर झालं. तुमी तोंडानं माफी मागून राहिले. कागदावर काय लिहिलं आहे, ते कोण बदलवन?"

"मी."

"तुमच्यावर कारवाई होईन."

"होऊ दे."

"बोलणं सोपं आहे."

सोमवारी मी कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. साहेबांनी वाचला आणि दार लावून घेतलं. "अहो, प्रकरण बंद झालं. तुम्ही स्वतःच स्वतःविरुद्ध लिहून देता? कोणी दबाव आणला का?" मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा वाचला. "बरं, चुकीचं ठीक आहे. पण हे शेवटी काय लिहिलंय? ‘सदर मदतनीसाने जिवाची पर्वा न करता माझा हात वाचवला, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.’ जबाबात हे कशाला? काढा ते."

"साहेब, तेच तर लिहायला आलो. चूक त्या आभाराच्या ओघात आली."

त्यांनी अर्ज पुढं ओढला. मग शिक्का मारला आणि पोच दिली.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. मला शिक्षा झाली. ती योग्य होती, म्हणून तिची कहाणी सांगत नाही. मला दुरुस्तीवरून काढून कार्यालयात फोनवर बसवलं. आता तालुक्यातली पंपाची प्रत्येक तक्रार माझ्या कानावर येते. आणि मला सांगायला संकोच वाटत नाही की हे काम मी चांगलं करतो. तक्रार करणारा माणूस मला आतून माहीत आहे. त्याला मी एकच विचारतो, "दांडा हलका लागायला कधी लागला होता, दादा?" गुरुजींचा फोन अजून सकाळी येतो. आम्ही एकमेकांची प्रकृती विचारतो. विलासला ठेकेदारानं परत घेतलं. आता क्लॅम्पवर तोच असतो. त्याचं "धरलं" खूप मोठ्यानं असतं, असं ड्रायव्हर सांगतो.

लेंतचे चाळीस दिवस संपले, पण आमच्या बुधवारी नियम तसाच राहिला आहे. मागणं आम्ही बंद केलेलं नाही. आधी आभार, मग मागणं, एवढंच. पुष्कळदा आभार संपेपर्यंत मागायचं काय होतं ते आठवत नाही. देवानं माझी परिस्थिती फारशी बदललेली नाही. बोटं परत आली नाहीत, बदली झाली नाही, आणि आता होणारही नाही. पण परिस्थिती तीच असून माणूस दुसरा होऊ शकतो, हे मी माझ्या डोळ्यांनी, माझ्यावरच पाहिलं. त्याबद्दल मला आता शंका नाही.

मात्र पोच मिळाली त्या दिवसाचं अजून सांगायचं राहिलं. मी ती पोच आणि अर्जाची नक्कल घेऊन थेट विलासकडं गेलो. त्यानं उभ्यानंच वाचली. शेवटच्या ओळीवर तो थांबला, पुन्हा वाचली.

"हे माझ्या मायले वाचून दाखवा," तो म्हणाला.

"तूच दाखव न."

"मी दोन वर्षं सांगून राहिलो तिले, की माझ्या हातून नाही झालं. तिले वाटते, लेकरू आहे, आपली चूक झाकते. गावात कोणी हात मोडलेला माणूस दिसला की ती घरात निघून जाते. तुमीच वाचा. तुमच्या तोंडानं."

लहानाबाई, विलासची आई, पडवीत तांदूळ पाखडत होत्या. वय सत्तरीच्या पुढं असेल. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. मी "जयभीम मावशी" म्हटलं. त्यांनी मान हलवली. विलासनं सांगितलं, "हे मिस्त्री." त्यांचे हात सुपावर थांबले. पदर सावरून त्या उठायला लागल्या.

"बस न माय," विलास म्हणाला. "आयकून घे."

मी वाचलं. सरकारी भाषा होती, म्हणून प्रत्येक वाक्य वाचून झालं की साध्या शब्दांत पुन्हा सांगितलं. खटका मी बसवला नव्हता. शब्द मी दिला होता. तुमच्या मुलानं माझं ऐकलं, एवढंच त्यानं केलं. मग मी खोटं बोललो. शेवटच्या ओळीला रडू येणार असं वाटलं, पण मालनमावशींचं बोलणं लक्षात ठेवून मी ते आवरलं.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं आता मला बाहेर काढतील. काढायलाच हवं होतं. त्यांनी विलासकडं पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आणि मोठा माणूस असून लहान पोरासारखा आईच्या तोंडाकडं पाहत होता. त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या खांद्यावरून एकदा हात फिरवला. त्याच खांद्यावरून. मग माझ्याकडं वळल्या.

"दाखवा तो हात."

मी पुढं केला. दोन वर्षं हा हात मी जिल्हाभर दाखवत फिरलो होतो, पण असा कोणी मागून घेतला नव्हता. त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला, उलटा-सुलटा केला, तुटक्या बोटांच्या टोकावर अंगठा ठेवून हलकेच दाबून पाहिलं.

"दुखते काय आता?"

हात दुखायचा कधीच थांबला होता. वर्ष होऊन गेलं असेल. हे मी ना सुनंदाला सांगितलं होतं, ना मंडळीत, ना देवाला.

"नाही मावशी," मी म्हणालो. "नाही दुखत."